काळ्या चौकोनातला सोफा

मी आज जो काही आहे तो माझ्या मामींमुळे. हे वाक्य मी सेंदाईच्या विद्यापीठात पीएच.डी.च्या मुलाखतीतही इंग्रजीत म्हणालो होतो. समोरच्या प्राध्यापकांनी गंभीरपणे मान हलवली, ते टिपून घेतलं आणि विचारलं, "त्या कोणत्या विद्यापीठात शिकवतात?"

आमच्या गावात शाळा दहावीपर्यंत होती आणि आमच्या घरात त्यापुढे कुणी गेलेलं नव्हतं. वडिलांनी मला पिठाच्या गिरणीत लावायचं ठरवलं होतं. मामी कशाला तरी आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि चहाची बशी खाली ठेवून वडिलांना म्हणाल्या, "दाजी, पोरगं माझ्याकडं द्या. नापास झालं तर स्वतः आणून सोडते. गिरणी कुठं पळून चाललीय?" अशा रीतीने मी करमाळ्याला मामींच्या दोन खोल्यांत राहायला गेलो.

माझं कॉलेज दुपारी सुटायचं. जेवणं झाली की केबलवाला कुठल्याशा चॅनलवर एक जुना अमेरिकन खेळ लावायचा. त्यात चौकोनांची एक मोठी पाटी असे. एका चौकोनात फ्रिज, एकात पियानो, एकात शिडाची होडी, एकात समुद्रकाठची सहल, एकात सोफासेट, बाकीच्यांत नुसते डॉलर. दिवा एका चौकोनावरून दुसऱ्यावर पळायचा आणि खेळणाऱ्याने बटण दाबलं की थांबायचा. मधेच एक काळा चौकोन होता. दिवा त्यावर थांबला की तोवर मिळवलेलं सगळं परत. मामींनी त्याचं नाव ठेवलं होतं जप्ती.

इंग्रजी आम्हा दोघांनाही फारसं कळत नव्हतं. पण मामींचा एक नियम होता. बक्षीस कुणालाही लागो, ते आपल्या घरात कुठे ठेवायचं हे आधी ठरलं पाहिजे.

"पियानो?" मी विचारायचो.

"कणगीच्या जागी. कणगी माळ्यावर."

"होडी?"

"परड्यात. पालथी घालायची. म्हशीला सावली."

सोफासेट मात्र दर वेळी नापास व्हायचा. मामी उठून दाराला वीत लावायच्या, मग टीव्हीतल्या सोफ्याकडे डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो काय दारातनं येत नाही. ह्यापेक्षा जप्ती परवडली." बाई तिकडे सोफ्यासाठी उड्या मारत असायची आणि इकडे मामी तिची कीव करायच्या. "व्हेकेशन" आणि "लगेज" हे शब्द मी त्या खेळातून शिकलो. बारावी झाली, बी.एस्सी. झालं, एम.एस्सी. झालं. मामींनी मला परत आणून सोडलं नाही.

सेंदाईला मी आलो तेव्हा मोठा भूकंप होऊन काही वर्षं झाली होती. घराघरांत उंच कपाटं छताला टेकू देऊन घट्ट बसवलेली असत, आणि जुनी माणसं बोलताना "त्याच्या आधी" आणि "त्याच्या नंतर" असं म्हणत. मराठी घरं मोजकीच होती, सगळी विद्यापीठाच्या आजूबाजूला. त्यांत दादा आणि वहिनी सर्वांत जुने. दादा संशोधक, बोलायला कमी. वहिनी म्हणजे आमचं अघोषित मंडळ. गणपती त्यांच्याकडे, दिवाळी त्यांच्याकडे, ताप आला तर खिचडीही त्यांच्याकडून.

त्यांचं पुण्याला परत जायचं ठरलं तेव्हा वहिनींपुढे दोन प्रश्न उभे राहिले. एक मिक्सरचा आणि एक सोफ्याचा.

मिक्सर भारतातला होता. जपानच्या विजेवर तो नुसता गुणगुणतो, म्हणून त्याच्यासोबत विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर होता. इथे मिळणारे मिक्सर फळांचा रस काढण्यापुरते. सुकं खोबरं दिसलं की ते जागच्या जागी माना टाकतात. त्यामुळे सेंदाईतल्या प्रत्येक मराठी घराचा डोळा वहिनींच्या मिक्सरवर होता आणि तो मला हवा असं एकानेही तोंडाने म्हटलं नव्हतं. सगळे येऊन फक्त चौकशी करायचे. "वहिनी, मिक्सरचं काय ठरवलंत? नाही, सहज विचारलं."

सोफ्याचं उलट होतं. तो दादांना त्यांच्या आधीच्या कुटुंबाने दिलेला, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. तीन जण आरामात बसतील एवढा तपकिरी रंगाचा ठोकळा. त्याला घेणारा कुणी नव्हता. जपानमध्ये मोठी वस्तू अशी टाकता येत नाही. अशा मोठ्या कचऱ्याला सोदाई गोमी म्हणतात. फोन करून दिवस ठरवायचा, कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, शुल्काची चिठ्ठी विकत आणून वस्तूवर चिकटवायची आणि त्या सकाळी ती बाहेर ठेवायची. मार्च महिन्यात सगळा देश घरं बदलतो. वहिनींनी फोन केला तेव्हा एप्रिलच्या आधीचा एकही दिवस शिल्लक नव्हता आणि घर मार्चअखेर रिकामं करून द्यायचं होतं. घरमालकीण वयस्कर, एकटी राहणारी बाई. भूकंपानंतर पाणी नव्हतं तेव्हा तिने वहिनींना रोज आपल्या विहिरीची बादली दिली होती. "त्या बाईंच्या गळ्यात हे धूड टाकून मी विमानात बसणार नाही," वहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, "वहिनी, मी घालवतो सोफा. शब्द देतो."

"कसा?"

तेव्हा मी त्यांना मामींच्या खेळाबद्दल सांगितलं. वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला आजही आठवतं.

प्रयोगशाळेत मी एक पाटी तयार केली. पुठ्ठ्यावर बारा चौकोन, प्रत्येकात एक छोटा दिवा. बक्षिसं वहिनींच्या घरातली: सायकल, राइस कुकर, पंखा, पोळपाट-लाटणं, चकलीचा सोऱ्या, नाचणीचं पीठ, हिंगाची अर्धी डबी, लोणच्याची बरणी आणि असंच. मधोमध मिक्सर. आणि एक काळा चौकोन. दिवा त्यावर थांबला तर मिळवलेलं सगळं परत, आणि वर सोफा. आज लागलेली वस्तू आजच घरी न्यायची. खेळणाऱ्याने पाटीकडे पाठ करून बटण दाबायचं.

बातमी पसरली आणि माझे दिवस पालटले. एकटा राहणारा विद्यार्थी म्हणून माझ्यावर आधीही लोकांची दया होती, पण आता थालीपीठ आलं, श्रीखंड आलं, एका घरातून उकडीचे मोदक आले, तेही मार्चमध्ये. डबा देताना प्रत्येक जण विचारायचा, "दिवा साधारण कुठे थांबतो रे? नाही, सहज विचारलं." मी प्रामाणिकपणे सांगायचो की ते नशिबावर आहे, आणि डबा धुऊन परत द्यायचो. कुणाचाच विश्वास बसला नाही. डबे येत राहिले.

त्याच आठवड्यात मामींशी फोनवर बोललो. त्यांनी एकदा सेंदाईला यावं म्हणून मी वर्षभर मागे लागलो होतो.

"यीन की," मामी म्हणाल्या. "पण बसू कुठं? तुझ्या खोलीत समदं खाली बसायचं, तूच म्हणालास. माझ्या गुडघ्यानं आता खाली बसवत नाही."

"खुर्ची आणतो."

"खुर्चीवर बसून काय परीक्षा द्यायचीय मला? आन् तिकडं भुई हलती म्हणं. म्हशीनं पाय आपटला तरी माझ्या छातीत धडधडतं. तू जेवलास का?"

एवढं बोलून त्यांनी फोन मामांकडे दिला. मामींचं फोनवर असंच असतं.

खेळाच्या दिवशी वहिनींच्या घरात उभं राहायलाही जागा नव्हती. गंमत म्हणजे सोफा पूर्ण रिकामा होता. त्याला शिवलं तर तो आपल्या नावावर होईल अशी सगळ्यांना भीती. दादांची मुलगी, सेंदाईतच जन्मलेली, चौकोनांची नावं पुकारत होती. काळ्या चौकोनाला ती "हाझुरे" म्हणायची. इथल्या जत्रेत रिकामी सोडत निघाली की हेच ओरडतात.

पाळ्या सुरू झाल्या. एका पोस्टडॉकला सायकल लागली. त्याची बायको, जिने मोदक पाठवले होते, तिला हिंगाची अर्धी डबी लागली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला मोदकांचा हिशेब आठवला. पुढच्याला पंखा, त्यापुढच्याला नाचणीचं पीठ, अशा एकेक करत बहुतेक वस्तू गेल्या. दिवा दोनदा काळ्या चौकोनाच्या शेजारी येऊन थांबला आणि खोलीत सुस्कारे ऐकू आले. मिक्सर मात्र कुणालाच लागेना.

मग कोपऱ्यातून दादा पुढे आले. "मी खेळू?"

"तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. "घरची माणसं नाही खेळत."

"नियमात कुठे आहे?" दादांनी मला विचारलं. नियमात नव्हतं.

दादांनी पाठ केली, बटण दाबलं, आणि दिवा मिक्सरवर थांबला.

मुलीने आनंदाने पुकारलं, "मिक्सर! बाबांना!"

"अहो, द्या कुणाला तरी," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

"आज लागलेली वस्तू आजच घरी न्यायची," दादा म्हणाले. "माझं घर इथून जवळच आहे." त्यांनी मिक्सर उचलून छातीशी धरला. "पुण्यातल्या मिक्सरला खोबरं असं बारीक होत नाही. मी तुला वर्षभर सांगतोय, पण माझं ऐकतं कोण?"

सगळे हसले, पण ते हसणं लवकर संपलं. मिक्सर गेल्यावर पाटीत राम उरला नाही. कुणाला अचानक मुलांच्या अभ्यासाची आठवण झाली, कुणी दारात बूट घालू लागलं. पाटीवर दोन चौकोन उरले: लोणच्याची बरणी आणि काळा. आणि भिंतीपाशी तो तपकिरी ठोकळा, तसाच रिकामा. वहिनी हसतमुखाने सगळ्यांना निरोप देत होत्या, पण मधेच त्यांची नजर सोफ्याकडे गेली आणि मग माझ्याकडे आली. मी शब्द दिला होता.

"थांबा," मी म्हणालो. "माझी पाळी राहिलीय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पाटी मी बनवली होती. दिवा एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना आत बारीक टक वाजत असे. बाकीच्यांना गोंगाटात ते ऐकू येत नव्हतं, पण मी आठवडाभर त्या आवाजासोबत राहिलो होतो. मी पाठ केली. खोलीतला गोंगाट थांबला, कारण सगळ्यांना बघायचं होतं की बनवणारा स्वतः काय घेतो. मी टक-टक मोजलं. डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी नव्हती. मामी होत्या, टीव्हीसमोर, एक पाय लांब केलेला, गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या.

मी बटण दाबलं.

"हाझुरे!" मुलगी किंचाळली. घर हसण्याने दणाणलं. बूट घातलेले लोक बुटांसह दारात परत आले. मोदकवाल्या बाईंचा राग पार गेला. "बघा, याला खरंच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

फक्त वहिनी हसल्या नाहीत. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "तू हे मुद्दाम केलंस."

"नाही वहिनी. नशीब."

"तुझ्या खोलीत मावणार आहे का हा?"

"ठेवायची जागा ठरलीय," मी म्हणालो. ते खरं होतं.

ट्रक कुठून मिळणार? आम्ही चौघांनी तो सोफा खांद्यावर घेऊन माझ्या घरापर्यंत चालत नेला. दमलो की फुटपाथवर ठेवून त्यावर बसायचो. सायकलवरून आलेल्या पोलिसाने नम्रपणे विचारलं की काही अडचण आहे का. पोस्टडॉकने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की यांना बक्षीस मिळालंय. पोलिसाने माझं अभिनंदन केलं.

आणि मग माझं दार आलं. आडवा धरला, उभा केला, तिरका केला, पाय काढले. सोफा दारातून आला नाही. मी दाराला वीत लावली आणि मला करमाळ्याचं हसू ऐकू आल्यासारखं वाटलं. शेवटी दादांनी सुचवलं. माझी खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला सरकती काच. जपानी घरांत ती काच उचलून खोबणीतून बाहेर काढता येते. आम्ही काच काढली, सोफा मागच्या अंगणातून आत सरकवला आणि काच परत बसवली. खोलीत आता सोफा होता आणि सोफ्याभोवती थोडी खोली होती.

दुसऱ्याच दिवशी मी मामींना पत्र लिहिलं. फोनवर त्या विषय बदलतात. पत्रात त्यांना तो बदलता येत नाही.

*ती. मामी,*

*पाया पडतो. गुडघ्यांना तेल लावता ना?*

*कळवायचं म्हणजे मला बक्षीस लागलं. आपल्या खेळातलं. काळा चौकोन लागला, म्हणजे तुमच्या भाषेत जप्ती, पण इथल्या जप्तीत सोफा देतात. तपकिरी रंगाचा आहे. तीन माणसं बसतात. तुम्ही पाय लांब करून बसलात तर तुम्ही एकट्याच बसाल, आणि तसंच बसायचं आहे.*

*तुमचा अंदाज बरोबर होता, तो दारातून आला नाही. मागची काच काढून आत घेतला. तुमच्या पद्धतीने जागाही ठरवली आहे: खिडकीला लागून, म्हणजे समोरचं चेरीचं झाड दिसेल. माझं अंथरूण त्याच्या पुढ्यात, खाली.*

*आता भुईचं. हा सोफा मोठ्या भूकंपात याच शहरात होता. ज्यांच्याकडे होता त्या वहिनी सांगतात, फ्रिज चालत चालत दारापर्यंत आला, पण सोफा जागचा हलला नाही. कधी भुई हललीच तर तुम्ही त्यावर बसून राहा, बाकी मी बघतो.*

*तेव्हा बसू कुठं हे कारण संपलं आहे. दुसरं एखादं शोधत असाल तर पत्र मिळायच्या आत शोधा, कारण तिकिटाचं मी मामांशी बोललो आहे आणि त्यांनी हो म्हटलं आहे. म्हशीचं शेजारच्या काकू बघतील, त्यांच्याशीही बोललो आहे.*

*आणि काळजी करू नका. दाराला वीत लावून बघितली आहे. सोफा नाही आला, पण तुम्ही आरामात येता.*

*तुमचा,*
*गिरणीत न गेलेला*