पाणी भरून बघितलेली होडी

मी होडी घेतोय हे बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "बिल्डिंगमध्ये स्कूटर लावायला जागा नाही आणि तू होडी आणतोयस." ती होडी पुढे तारोडीलाच, समुद्रकाठच्या गावात, राहिली, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. पण सिल्व्हर पार्कमध्ये दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाने शिडाची होडी घ्यावी, ही गोष्ट हसण्यासारखीच होती. मला स्वतःलाही हसू येत होतं. फक्त ती मी माझ्यासाठी घेत नव्हतो, आणि ते कोणाला सांगत नव्हतो.

ती बाबांसाठी होती. माझे वडील लग्नाआधी अकरा वर्षं रत्नागिरीकडच्या गलबतांवर खलाशी होते. कौलं, लाकूड, मीठ, मिळेल तो माल भरून शिडावर मुंबईपर्यंत यायचे. पुढे इंजिनं आली, शिडं उतरली आणि बाबा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशिंगला लागले. तिथेच रिटायर झाले. आता त्यांना ब्याऐंशी पूर्ण झाली होती आणि गेल्या वर्षभरात ते फार गप्प गप्प झाले होते. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवले की परत बाल्कनीत. समुद्राचा विषय निघाला तरच माणूस जागा व्हायचा. अंगात थोडी ताकद आहे तोवर एकदा त्यांच्या हातात सुकाणू द्यायचं, एवढंच मी मनाशी धरलं होतं. त्याला उशीर झाला असता तर ते मला जन्मभर खात राहिलं असतं.

मोबाइलवर जाहिरात दिसली. चौदा फुटी, फायबरची, वापरलेली, ट्रेलरसकट. ट्रेलर म्हणजे होडी ठेवून गाडीमागे जोडायचा दोन चाकांचा लोखंडी सांगाडा. पत्ता तारोडीचा. मी बाबांना म्हटलं, "चला, एक होडी बघून येऊ." ते पाच मिनिटांत शर्ट घालून दाराशी उभे.

विकणारे अंकल सत्तरीच्या आसपासचे, पिढ्यान्‌पिढ्या तारोडीचेच. सहा दिवस बँक आणि रविवारी होडी, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. आता खांदा धरला होता, दोरी ओढवत नव्हती, म्हणून विकत होते. होडी घरामागच्या वाडीत, चिंचेच्या गर्द सावलीत, ट्रेलरवर ठेवलेली होती.

"रिसॉर्टवाले दोनदा येऊन गेले," ते म्हणाले. "बागेत ठेवनार, लोक आत बसून फोटो काढनार. त्यांना न्हाय द्यायची. पान्यात नेनारा पायजे."

बाबांचं इकडे लक्षच नव्हतं. त्यांनी होडीच्या एका टोकाला हात ठेवला आणि तो न उचलता तिला पूर्ण वेढा घातला. मधे मधे बोटाच्या पेरांनी टकटक करून कान लावत होते. आत वाकून वास घेतला. अंकल माझ्याकडे बघून हसले, कौतुकानेच. मला तर फार बरं वाटत होतं. वर्षभरात बाबांना इतकं कामात गुंतलेलं मी बघितलं नव्हतं.

अंकल माळ्यावरून शीड काढायला आत गेले तेव्हा बाबा म्हणाले, "आता पाणी भर हिच्यात."

ही त्यांची गलबतावरची रीत. होडी किनाऱ्यावर असली की तिच्यात आतून पाणी भरायचं आणि बाहेरून कुठे पाझरतंय ते बघायचं. समुद्रात आत येणारं पाणी कुठून येतंय ते कळत नाही, बाहेर पडणारं मात्र लपत नाही, असं ते सांगायचे. विहिरीच्या पंपाचा पाइप तिथेच पडलेला होता. मी तो होडीत सोडला आणि बटण दाबलं. बाबा खाली उकिडवे बसून तळाला हात लावून चाचपत होते. पाणी गुडघाभर झालं असेल. होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तिच्या पोटातून खाली सोडायची एक फळी असते, त्या फळीच्या फटीशी त्यांचं बोट थांबलं. "गळतेय. हिथंच," ते म्हणाले, आणि समाधानाने उठून मागे सरकले.

ते उठले म्हणून बरं झालं. पुढच्याच मिनिटाला खालून कर्रर्र असा आवाज आला. ट्रेलरचा गंजलेला ॲक्सल मधोमध वाकला, चाकं दोन्हीकडे फाकली आणि होडीने पाण्यासकट जमिनीवर फतकल मारली. अंकल आणि त्यांची बायको धावत बाहेर आले.

पाइप माझ्या हातात होता. चाकं माझ्या डोळ्यांसमोर होती. एवढ्या पाण्याचं वजन चाकांवर पडणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण मला आधीपासून राग लवकर येतो, आणि चूक माझी असली की जरा जास्तच लवकर येतो. मी बाबांवर ओरडलो. "हे तुमचं गलबत नाही, बाबा. कळत नसेल तर गप्प बसायचं ना." परक्या घरी, परक्या बाईसमोर. लुंगीवर पुसावेत तसे ओले हात पँटवर पुसत बाबा वाडीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

"जुना झालेला तो," अंकल म्हणाले. "कधीतरी जानारच होता." त्यांचा हा चांगुलपणा मला तेव्हा अजिबात सोसवला नाही.

ट्रेलर टेम्पोत घालून मी काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमध्ये नेला. तिथे सगळी ट्रकची कामं, माझा सांगाडा आठवडाभर कोपऱ्यात पडून राहिला. घरी बाबा पुन्हा बाल्कनीत. माझ्याशी नेहमीसारखंच बोलायचे, म्हणजे हो आणि नाही. होडीचं नाव काढलं की म्हणायचे, "तुझं तू बघ. मला त्यातलं काय कळतं?" टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांच्यासाठी काजू कतली आणली, नवा रेडिओ आणला, पाय चेपून दिले. माफी तेवढी मागता आली नाही. आमच्या घरात बाप आणि मुलगा एकमेकांची माफी मागत नाहीत, कशी मागायची ते मला खरंच माहीत नव्हतं.

ट्रेलर नीट झाला, फटीची गळती अंकलनी स्वतः बुजवली. मग त्यांचा फोन आला. "आधी पान्यात घालून बघा, मग व्यवहार. आनि बाबांना आना. तेच बघतील." मी म्हटलं, ते येत नाहीत. "द्या त्यांना फोन," ते म्हणाले.

मी स्पीकर लावून फोन बाबांच्या हातात दिला. अंकलनी येण्याचा आग्रह केलाच नाही. फक्त विचारलं, "काका, कुठल्या दिवशी घालू पान्यात?"

बाबा खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "पुनवेला नको, उधाण असेल. अष्टमीला घाला. भरती-ओहोटी कमी, भांगाचं पाणी मऊ असतं." वर म्हणाले, "सकाळच्याला. मतलई पडायच्या आधी." जमिनीकडून समुद्राकडे जाणारा तो वारा ऊन चढलं की थांबतो. ती अष्टमी येईपर्यंत ते रोज मला विचारत होते, आज तिथी कुठली.

सकाळी वाळूवर आम्ही होडी उतरवली. नारिंगी जाकिटं घातली. अंकलनी बाबांचा हात धरून त्यांना आत बसवलं. ब्याऐंशीच्या माणसाला कोणीही धरेल, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. अंकल किनाऱ्यावर राहिले, आम्ही दोघं निघालो. मी व्हिडिओ बघून शिकलेला खलाशी, दोरी माझ्याकडे. सुकाणू बाबांकडे. वारा शिडात बसला, होडी एका अंगावर कलली, मी दोरी आणखी आवळून धरली. बाबा मात्र हलले नाहीत. मान किंचित तिरकी, एक गाल वाऱ्याकडे. "ढील दे," म्हणाले. मी दिली. होडी सरळ झाली.

तिथे आम्ही दोघंच होतो. मी म्हणून टाकलं, "बाबा, त्या दिवशी मी लोकांसमोर बोललो. चुकलं माझं."

"चाकावरच्या होडीत पाणी भरत नाहीत, एवढं मला कळतं रे," ते म्हणाले. "मला वाटलं, ओंडक्यांवर ठेवलीय."

"चाकं तर समोर होती."

"मला नाय दिसली." सुकाणूवरचा त्यांचा हात स्थिर होता. "डावा डोळा गेला. उजव्यात नुसता उजेड आणि सावली. वरीस होत आलं."

वर्षभर पेपर उघडला नव्हता, आणि आम्ही म्हणत होतो, कंटाळले असतील. मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मला हितं आणलं असतंस?"

नसतं आणलं. डॉक्टरांकडे नेलं असतं, घरात भिंतीला धरून चालायला लावलं असतं, होडीचं नावही काढलं नसतं. हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून परक्यांसमोर मूर्ख ठरले, पण आंधळे ठरले नाहीत. मला रडू आलं, ते लपवायचं काही कारण नव्हतं. आणि त्याच वेळी माझा हात सुकाणूकडे गेला. घाबरून गेला, काळजीने गेला, पण गेला.

"पुढे काय हाय?" बाबांनी विचारलं.

मी हात मागे घेतला. "समोर मोकळं आहे, बाबा. डाव्या हाताला जाळ्यांचे तरंगते बोये दिसतायत, चार. थोडं उजवीकडे घ्या."

त्यांनी घेतलं.