डाव्या टोकाची जागा

अंफियासमामाच्या ढालीवर आमच्या घराची भिस्त होती. माझा बाप, दामोतास, लढाईच्या रांगेत त्याच्या डावीकडे उभा राही. ढाल डाव्या हातात, भाला उजव्यात. म्हणजे प्रत्येकाचं उजवं अंग उघडं, ते उजवीकडच्या शेजाऱ्याच्या ढालीने झाकायचं. मामा पार उजव्या टोकाला. त्याला झाकणारं कुणी नाही, म्हणून ती जागा मानाची.

त्या हिवाळ्यात ऑलिव्ह झोडताना मामा झाडावरून पडला. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं, मग जुळलं, पण वाकडं. ढालीची कड खांद्यावर टेकवली की हाताचा भार हलका होतो; मामाने कड टेकवली की डोळ्यांत पाणी यायचं. त्याने गुपचूप लोकरीची गादी शिवून घेतली. आईने ती पाहिली आणि बापाला म्हणाली, विचारा त्याला. बाप म्हणाला, ज्याचं त्याने सांगावं.

जव कापून झाले तसे डोंगरापलीकडचे चालून येणार अशी कुणकुण लागली. गडी सरावाला खळ्यावर जमले. आम्ही बायका भाकऱ्या घेऊन कुंपणाशी उभ्या होतो.

रांग चालू लागली आणि मामाची ढाल घसरली. त्याने उचलली, पुन्हा घसरली. बाप उघडा पडला, तो मामाकडे सरकला. बापाच्या ढालीमागे राहायला त्याचा शेजारी सरकला, त्याच्यामागे पुढचा. बघता बघता अख्खी रांग उजवीकडे कलली.

नायक हेगिलास कमरेवर हात ठेवून आला. "दामोतास, मेव्हण्याच्या मांडीवरच बस ना एकदाचा."

गडी हसले. बापाने मामाकडे पाहिलंही नाही.

"भीती वाटत असेल तर मागे जा. पुढचे मेले की मग बघू तुझं."

आईने माझं मनगट घट्ट धरलं.

मामाने ढाल खाली गुडघ्याला टेकवली. "दाजींना कशाला बोलतोस? ढाल माझी पडतेय. खांदा गेलाय माझा."

हसणं थांबलं. हेगिलासने त्याला मागच्या ओळीत जायला सांगितलं. मामा म्हणाला, मागच्यांनी पुढच्याच्या पाठीला ढाल लावून खांद्यानेच रेटायचं असतं, ते तर मुळीच जमणार नाही.

"मला डाव्या टोकाला टाक. तिथे माझ्या ढालीच्या आडोशाला दुसरं कुणी नसतं. पडली तर माझा मी."

"उजवं टोक तुझ्या आजोबापासून तुमच्याकडे आहे, अंफियास."

"आजोबाचा खांदा धड होता."

मग उजवं टोक आपोआप बापाकडे आलं. त्याने हलकेच विचारलं, "आणि माझ्या उजवीकडे?"

"कुणी नाही, दाजी. सुरुवातीला त्या अंगाला फार गार लागतं. होते सवय."

मामा सगळ्यांच्या तोंडासमोरून चालत डाव्या टोकाला गेला. कुणी चेष्टा केली नाही. हेगिलासने खूण केली. पहिल्या काही पावलांना बाप सवयीने उजवीकडे झुकला. तिथे नुसतं ऊन होतं. मग तो सावरला, नाकासमोर चालू लागला, आणि त्याच्या डावीकडचे सगळे सरळ झाले.