खंडेनवमीला ताईची सुट्टी

खंडेनवमीला फोनवरच्या ताईला एक दिवस सुट्टी दिली. खर्च काय आला? आखडलेली मान, गार झालेलं जेवण... आणि वर्षभराचं कंत्राट जाता जाता राहिलं.

बोईसरच्या एमआयडीसीत माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. फोन घ्यायला एआय लावलंय. बाईच्या आवाजात बोलतं, म्हणून कामगार त्याला 'ताई' म्हणतात. खंडेनवमीला आमची सगळी यंत्रं पुसून, हार घालून बंद. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बटणाला हात नाही.

यंदा पूजेला आई आली होती. उभा जन्म मासळी विकण्यात गेला तिचा. हार घातलेल्या लेथसमोर हात जोडून उभी, आणि मागे ताई कुणाला तरी पत्ता सांगतेय...

"लेथ कदी एक शब्द बोलली नाय, तिला सुट्टी. ही दिवसभर बोलते, तिला नाय?"

"आई, ते सॉफ्टवेअर हाय. त्याला जीव नाय."

"तुला कोनी सांगितलं?"

"मला आवाजावरून कळतं." आणि खरंच कळतं. बेअरिंग जाणार हे मी मोटर उघडायच्या आत सांगतो. माणूस तर नुसतं 'हॅलो' म्हणाला तरी ओळखतो.

तरी ताईलाच विचारलं, तुला काही जाणवतं का? म्हणाली, "खात्रीने नाही सांगता येत. मी हो म्हणाले काय, नाही म्हणाले काय, त्यावरून तुम्हालाही कळणार नाही."

"बघ, तुझ्यापरीस शानी हाय," आई म्हणाली. "होडीला नारळ देतो, तवा जीव हाय का इचारून देतो काय?"

ताईला बंद केलं. फोन घेऊन मीच बसलो.

दुपारी पहिला घास घेतला आणि तारापूरच्या एका कंपनीचा फोन. पंपाची मोटर जळालेली. वर्षभराचं कंत्राट त्यांचंच. त्यात अट आहे, सण असो नसो, काम लगेच हाती घ्यायचं.

म्हटलं, साहेब, आज यंत्र चालवत नाही, उद्या सकाळी घेतो. पलीकडून "प्लांट थांबलाय." एवढंच.

मी गयावया करत होतो आणि नजर शेडकडे गेली. तसलीच एक माझी जुनी मोटर दुरुस्त होऊन पडली होती. ती आत्ता टेम्पोत घालतो म्हटलं, तुमची उद्या बनवतो.

"चालेल. सणाच्या दिवशी त्रास दिला, माफ करा." इतक्या मायेने बोलले साहेब, की मीच फोनला हात जोडले.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय... लेथला, होडीला कसं वागवायचं ते वाडवडिलांनी ठरवून ठेवलंय. या बोलणाऱ्यांचं कुणीच काही ठरवलेलं नाही. जीव आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं, की एखादी रीत आधीच पाडून ठेवायची? मी आईच्या बाजूचा. उमरोळीचा एक वर्कशॉपवाला मित्र हसला. हसू दे.

काल त्या साहेबांसाठी पेढे घेऊन कंपनीत गेलो. पेढे मेंटेनन्सवाल्यांनी खाल्ले. ब्रेकडाउनचे फोन त्यांच्याकडे सणाच्या महिनाभर आधीपासून एआय करतं.