दाजींच्या तलावातली मानाची भोकं

भोक दिसलं की ते बुजवायचं, आणि तेही आपणच, असा हुकूम घेऊन जन्माला आलेला माणूस साऱ्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे आणि तो आमच्या ताईचा नवरा आहे. लोकांच्या लग्नात आपण जेवणाचा बेत बघतो, दाजी हॉलच्या भिंतीतली खिळ्यांची भोकं बघतात आणि हात धुवायच्या बेसिनवरचा साबण नखाने खरवडून ती भरतात. एकदा ताई माहेरी आली असताना त्यांनी तिच्या सगळ्या कुंड्यांच्या तळाची भोकं सिमेंटने बंद केली. ताई परत गेली तेव्हा मोगरा बुडून मेला होता आणि दाजी अभिमानाने सांगत होते, "बघ, थेंबभर पाणी वाया गेलं नाही." माझ्या मुलीचे कान टोचायचे होते तेव्हा तर हा गृहस्थ उठून अंगणात जाऊन बसला. "नवीन भोक पाडताना मला बघवत नाही रे," म्हणाले. मेदूवड्याच्या मधोमध आधी चटणी भरतात आणि मगच घास घेतात, हे वेगळं सांगायला नको.

अशा माणसाने पोहण्याचा तलाव बांधायला काढला, तो हौसेने नव्हे. एकेकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्या न थांबता चढणारी ताई आता घरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीशीच कठडा धरून उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, रोज पाण्यात चाला, नाहीतर गुडघे अजून धरतील. ती शहरातल्या तलावावर एकदा गेली आणि कोरडीच परत आली. "तसले कपडे घालून चारचौघांत? मी मेले तरी नाही." पुढच्या आठवड्यात दाजींच्या मखमलाबादच्या मळ्यात, द्राक्षबागेच्या कडेला, खड्डा खणायला सुरुवात झाली.

काँक्रीट झालं, साच्याच्या फळ्या निघाल्या, आणि दाजींच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सण उजाडला. फळ्या आवळणाऱ्या सळया काढल्यावर भिंतींत भोकंच भोकं उरली होती. गिलावा करण्याआधी ती एकेक बुजवायची होती, नाहीतर पाणी तिथूनच वाट काढणार. गवंडी ते काम मुकाट्याने करून गेला असता. पण दाजींना वाटलं, लग्नात जशा सगळे अक्षता टाकतात, तसा ताईच्या तलावाला सगळ्या नातेवाइकांचा हात लागावा. त्यांनी प्रत्येक भोकाशेजारी खडूने एकेकाचं नाव लिहिलं आणि सर्वांना जेवायला बोलावलं. मानपानही सांभाळला. त्यांच्या थोरल्या भावाला ऐन मधलं, ऐसपैस भोक मिळालं. त्यांच्या बहिणीला कोपऱ्यातलं बारीक मिळालं, तेव्हा ती म्हणाली, "वहिनीच्या भावाला एवढं मोठं, आणि मला हे? करंगळी जात नाही यात!"

तो वहिनीचा भाऊ मी. मी कमी बोलतो. मनातलं मनातच ठेवायचं आणि मग त्याचाच त्रास करून घ्यायचा, ही माझी पन्नाशीपर्यंतची कमाई. दाजींनी सगळं नीट दाखवलं होतं. छिन्नीने आतला भुगा काढायचा, भोक ओलं करायचं, सिमेंटचा घट्ट माल थोडा थोडा कोंबत आतपर्यंत भरायचा. मी अर्धवट खरवडलं. ऊन तापलं होतं, वरून "पानं वाढली" अशी हाक आली, आणि मी सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद चुरगळून आत कोंबला, वरून माल थापला आणि जेवायला गेलो. ताईने स्वतः मांडे वाढले. एका हाताने टेबल धरून वाढत होती. घास काही गोड लागला नाही.

गिलावा दुसऱ्या दिवशी होता. मी न बोलावता सकाळीच मळ्यात हजर झालो. दाजींचे भाऊ आणि बहीण मुक्कामालाच होते. नांदगावचा गवंडी माल कालवून तयार होता.

"शेठ, लावू का? माल आळून ऱ्हायला."

"लाव," दाजी म्हणाले.

त्याने थापी उचलली आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा. दाजी, माझ्या नावाचं भोक पोकळ आहे. आत कागद आहे."

मग दाजींचे थोरले भाऊ खाकरले. "माझ्यात गोणपाट आहे. मोठंच फार होतं रे."

बहीण म्हणाली, "मी नुसती वरून थापी फिरवली. एवढंसं तर दिलेलं! त्याला काय जीव लावायचा?"

काठावरच्या खुर्चीतून ताई हसायला लागली. "हा लहानपणापासून असाच. गप्प बसला की ओळखायचं, काहीतरी फोडलंय."

दाजी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा मात्र खुलला होता. सगळी भोकं पुन्हा बुजवायला मिळणार होती! छिन्न्या वाटत म्हणाले, "चला, उतरा खाली. कोणाचंच खरं धरायचं नाही आता."

"आन् ह्या मालाचं काय करू?" गवंडी कपाळाला हात लावून म्हणाला. शेवटी त्यानेच वैतागून चार विटा रचल्या आणि तो माल वापरून काठावर एक बैठक बांधली. वैतागात बांधल्यामुळे ती एका बाजूला कलली आहे.

दाजींना पोहता येत नाही. ताई पाण्यात काठ धरून चालते तेव्हा ते त्या कललेल्या बैठकीवर बसून भिंतीवरच्या निळ्या रेघेकडे बघत असतात. पाणी किती आहे ते कळावं म्हणून ती रेघ त्यांनीच मारली आहे. परवा मी शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, "गळतंय का कुठं?"

"थेंब नाही," दाजी म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पण ही बाहेर निघाली ना, की पाणी केसभर उतरतं. रोज बघतो. त्याला काय करावं, ते काही सुचत नाही बघ."

पाण्यातून ताई ओरडली, "मग मी निघतच नाही बाहेर!"

दाजी हसले नाहीत. बैठकीवर माझ्याकडे थोडे सरकले आणि रेघेकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो.