शेपटीतली शिदोरी

माझ्या सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि तांब्यात उरलेलं पाणी शेजारच्या निवडुंगाला देतात. त्याला ते सोसत नाही, तो बुडाशी मऊ पडायला लागलाय, हे मी कितीदा सांगितलं. "एकाला घालायचं आणि दुसऱ्याला नाही, बरं दिसतं का?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

काल लेकीने ऑस्ट्रेलियातून एक व्हिडिओ पाठवला. डनार्ट नावाचा प्राणी. कांगारूसारखाच पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा, पण उंदराएवढा आणि शेपूट गाजरासारखी जाड. भरपूर मिळतं तेव्हाचं खाणं तो चरबी करून शेपटीत साठवतो आणि किडे मिळेनासे झाले की त्यावर निभावतो. मी सासूबाईंना दाखवलं. म्हटलं, "आपला निवडुंग असाच. हा शेपटीत चरबी ठेवतो, तो अंगात पाणी. दोघंही कुणाकडे मागत नाहीत."

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "म्हणून त्यांना कुणी विचारतही नसेल, काही हवं का म्हणून."

मी हसले खरी, पण ते वाक्य दिवसभर मनात घोळत राहिलं. या घरात मीही कधी काही मागितलेलं नाही.

आज सकाळी निवडुंगापाशी त्यांचा हात थांबला. उरलेलं पाणी त्यांनी तुळशीलाच घातलं आणि आत येऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"चहा टाकू तुला?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. माझा चहा मघाशीच झाला होता.

"टाका ना," म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले.