आंबुशीची पानं वाळेपर्यंत

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हट्टी आहेत हे मी कोणाला वेगळं सांगायला नको. त्यांचं सलून. एकदा जिन्यावरून पडून उजवा हात मोडला. प्लास्टर निघेपर्यंत घरी बसतील तर शपथ! डाव्या हाताने दाढी करायला शिकले, आणि शिकले ते माझ्या गालांवर. मी प्लंबर. गळती थांबवणं हा माझा धंदा, पण त्या दिवसांत माझ्याच हनुवटीची गळती थांबता थांबत नव्हती.

अशा माणसाला नाद लागला तो आंबुशीचा. गुलाब नाही, मोगरा नाही, आंबुशी! बाकीचे लोक जी उपटून फेकतात ती. सलूनच्या मागे एक चिंचोळं परस होतं, तिथे ती लावायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, की पळून जायची सोय नाही. मग ऐका. पिवळ्या फुलांची साधी आंबुशी कुठेही येते, तिच्या शेंगेला बोट लागलं की बिया उडून शेजारच्या कुंडीत, म्हणून तिला लांब ठेवायची. गुलाबी फुलांची कंदावर येते, तिला अर्धी सावली पुरते. जांभळ्या पानांची दिसायला राजेशाही, पण उन्हात ठेवलीत की पानं करपलीच. संध्याकाळ झाली की सगळ्या जणी पानं मिटून बसतात. "आपल्यापेक्षा शहाण्या आहेत," भाऊजी म्हणायचे. "वेळेवर दुकान बंद करतात."

या सगळ्यांत त्यांचा जीव अडकला होता चार पानांच्या जातीत. प्रत्येक पानावर मध्याजवळ काळपट पट्टा, फूल गुलाबी. पहिल्यांदा मिळाली तेव्हा पानं वाळली, कंद झोपी गेला, आणि भाऊजी बिचारे प्रेमाने पाणी घालत राहिले. कंद कुजला. दुसऱ्यांदा कंद कोरडा ठेवला, तो उंदराने पळवला. यंदा रोपवाटिकेत काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने आणखी एक कंद दिला. हा त्यांनी थेट जमिनीत लावला, भिंतीच्या पायथ्याला. रोप छान वाढलं.

आणि नेमकं तेव्हाच भाड्याचं ते दुकान विकलं गेलं. मालकाने आधी थंडी सरेपर्यंतची मुदत दिली होती, ती एका फोनवर मागे घेतली. नव्या माणसाला परसात काँक्रीट हवं होतं, तेही लगेच. भाऊजींनी दोन गल्ल्या सोडून दुसरी जागा बघून ठेवलीच होती. दुकान त्यांनी कुरकुर न करता रिकामं केलं. किल्ली मालकाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "दुकान घ्या. परस मात्र पानं वाळल्यावर मिळेल."

"कसली पानं?"

"आंबुशीची."

मालक हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "भाऊजी, मातीच्या ढेकळासकट उचलू की. फावडं देतो."

त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. "हे बघ. हिची मुळं कंदाला खाली ओढतात. तो त्या भिंतीच्या पायाच्या दगडाखाली गेलाय. ढेकूळ कुठून काढतोस? आणि आत्ता पानं हिरवी आहेत. ती खाली नवा कंद भरतायत. जुना झिजून संपला. आत्ता उपटली तर जुनाही नाही आणि नवाही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सलूनची खुर्ची मागच्या गल्लीच्या दाराने परसात आणली. भिंतीला आरसा टांगला, माझ्याकडून नळाला एक लांब पाइप जोडून घेतला, आणि धंदा सुरू केला. उघड्यावर! ताईचा पारा चढला. "नवीन दुकानाला कुलूप, आणि हे बसलेत गवत राखत. लोक काय म्हणतील?" भाऊजी म्हणाले, "लोक म्हणतील, केस बारीक कापा."

मग एका सकाळी मुकादम माणसं घेऊन हजर झाला. घमेली, खोरी, सिमेंटच्या गोण्या. भाऊजी एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. अर्धा गाल झालेला, अर्ध्यावर फेस.

"खुर्ची हलवा," मुकादम म्हणाला.

"वस्तरा गळ्यावर आहे. हलवू?"

गिऱ्हाईक खुर्चीला घट्ट धरून बसलं. मुकादमाला थांबावं लागलं. दाढी कधी नव्हे इतकी सावकाश झाली. ती संपताच भाऊजींनी कापड झटकलं आणि मुकादमालाच म्हणाले, "या, बसा. तुमचे कान झाकले गेलेत केसांनी." तो का बसला देव जाणे. त्याच्यामागून त्याची माणसं बसली, एकेक करून. संध्याकाळपर्यंत अख्खी टोळी चकाचक झाली आणि गोण्या तशाच बांधलेल्या राहिल्या. जाताना मुकादम म्हणाला, "मी आता दुसरं काम हातात घेतो. पानं वाळली की कळवा."

मालक मात्र रोज येऊन तणतणायचा. मी भाऊजींना सुचवलं, पाणी तोडा, लवकर वाळेल. ते माझ्यावर असे खेकसले! "उपाशी ठेवून झोपवायचं तिला? कंद भरेल कसा?" उघड्यावर उभं राहून त्यांना खोकला लागला, गिऱ्हाइकं रोडावली, तरी पाणी चुकलं नाही. मला त्यांचा रागही यायचा आणि सोडून जाववतही नव्हतं. काम नसलं की मी जाऊन उगाच दाढी करून घ्यायचो.

अखेर पानं पिवळी पडली, माना टाकल्या. तेव्हाच पाणी बंद. शेवटचं पान पार वाळलं तेव्हा भाऊजींनी मालकालाच निरोप धाडला. मालक, मुकादम, ताई, मी, सगळे भोवती उभे. भाऊजी गुडघ्यांवर बसून दगडाखाली बोटांनी माती उकरू लागले. बराच वेळ काहीच लागेना. ताईने माझं मनगट धरलं.

मग त्यांनी मूठ बाहेर काढून उघडली. कंद होता. एकच. हरभऱ्याएवढा.

 एवढा तमाशा, एवढा खोकला, आणि हातात हे. मालकाने वाकून बघितलं.  हळूच म्हणाला, "एवढंच?"

भाऊजींनी कंदावरची माती अंगठ्याने पुसली. "गेल्या वर्षी एवढंही नव्हतं." त्यांनी तो कागदात गुंडाळून ताईच्या हातात दिला, मुकादमाला म्हणाले, "ओता आता खुशाल," आणि माझ्याकडे वळले. "खुर्चीची ती बाजू धर. सकाळी दुकान उघडायचंय."