मोगऱ्याच्या कुंडीतला चहा

सकाळी चहाचा चोथा नळाखाली धुवायला घेतला, की त्याच्या ओलसर, तुरट वासाबरोबर मी अजूनही आमच्या चिक्कडपल्लीच्या अंगणात जाऊन उभी राहते.

निजामाचं राज्य होतं. बाबा वकील. आईच्या कुंडीतला मोगरा नुसती पानं काढायचा, कळी म्हणून धरत नव्हता. शेजारच्या खालांनी, आमच्या मुसलमान मावशींनी, भिंतीवरून सांगितलं, चहापत्ती घाला. आई रोजचा चोथा हौसेने मातीत कालवू लागली आणि एका सकाळी मोगरा पांढराशुभ्र फुलला. कोर्टात निघालेले बाबा शेरवानी घालून कौतुकाने कुंडीवर वाकले, फुलं ओंजळीत धरून हुंगली, आणि पुढच्याच क्षणी अंगणभर नाचू लागले. बाहीतून मुंग्या थेट आत! आमचा चहा साखर घालून उकळलेला. चोथा तसाच गोड कुंडीत गेला होता.

“धोए बगैर डाले क्या जी?” खाला भिंतीपलीकडून ओरडल्या. “मीठे पो चींट्याँ आतेच ना!”

आई हसली. तोंडाला पदर न लावता, खळखळून. मुंग्या विसरून बाबा बघतच राहिले.

मला तेव्हा त्यांच्या नाचाचीच गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी, कधी स्वतःचा कपही न उचलणारे बाबा चोथा धुवायला बसले. “मोगऱ्यासाठी,” म्हणाले.

हात चोथ्यात होते, पण डोळे आईकडे होते. ते मला आत्ता दिसतं.